डेंजरभाऊंचा अंगठा

माणूस एकदाच मरतो असं जे म्हणतात, त्यांनी आमचे डेंजरभाऊ पाहिलेले नाहीत. भाऊ माझ्या माहितीत लागोपाठ एक्केचाळीस वेळा मेले. तलवारीने मेले, बंदुकीने मेले, बैलगाडीखाली मेले, एकदा तर उसाच्या चरकात मेले. आणि एक्केचाळीसातून एकदाही धड मेले नाहीत. माझ्याबद्दल लोक म्हणतात की याच्या बोलण्यातलं अर्धं खरं असतं आणि उरलेलं ऐकणाऱ्याच्या हौसेचं. म्हणू देत. पण अंगठ्याची गोष्ट येईल तिथे मी एक अक्षर वाढवलेलं नाही. बाकी ठिकाणी वाढवलंय, ते तुम्हाला कळेलच.

भाऊ सिनेमातले गुंड होते. गुजराती सिनेमातले. पगडी, घोडा, नदीकाठ आणि शेवटी मारामारी, असे सिनेमे नव्वद सालानंतरही तिकडे धडाधड निघत. मुख्य व्हिलनच्या मागे चार-पाच दांडगे उभे असतात ना, त्यातले डावीकडून दुसरे म्हणजे भाऊ. हिरोची पहिली लाथ त्यांच्या पोटात. हे झालं शूटिंगच्या दिवसांचं. बाकीचे दिवस ते सुरतेत, बमरोलीला, माझ्या शेजारी माग चालवत. कारखान्याला तिकडे खातं म्हणतात. आमच्या खात्यात असा खडखडाट असे की बायको माहेरी गेल्यासारखं वाटायचं, कोणाचंच काही ऐकू यायचं नाही. राहायला दोघेही डिंडोलीत, एकाच चाळीत; ते वर, मी खाली. गावही एकच, खानदेशातलं, गुजरातच्या सरहद्दीला टेकलेलं.

त्यांचा चेहरा देवाने घडवला तेव्हा अगदी साधा होता. शाळामास्तर म्हणून खपला असता. पण एके दिवशी मागावरचा धोटा सुटला. धोटा म्हणजे दोरा पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारी, लोखंडी टोकाची लाकडी मासोळी. ती सुटली की गोळीच. भाऊंच्या नाकावर बसली. नाक डावीकडे गेलं ते परत आलं नाही, भुवई मधोमध फाटली, आणि टाके घालणाऱ्यानेही बहुधा घाईतच घातले. दुसरा कोणी असता तर रडला असता. भाऊंनी पट्टी निघाल्यावर आरशात पाहिलं आणि म्हणाले, "एवढा चेहरा आलाय तर वाया घालवायचा नाही."

महिन्याच्या आत तापीच्या काठी सिनेमाचं शूटिंग आलं. कड्यावरून पडायला आणलेला फायटर कडा बघून देवाचं नाव घेत मागे सरकला. डायरेक्टरने गर्दीकडे पाहिलं, तर गर्दीत ते नाक. "आ कोण छे?" भाऊ पुढे झाले आणि पडले. असे पडले की खाली चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. धूळ बसायच्या आत ते पुन्हा कडा चढून वर हजर. विचारतात कसे, "साहेब, बरं होतं का? नाहीतर अजून एकदा पडतो."

पडणं ही त्यांची विद्या होती. चाळीत कोणाकडे पाहुणे आले की आधी पोहे, मग चहा, आणि मग यजमान जिन्याशी येऊन हाक मारायचा, "भाऊ, जरा पडता का? साडू आलाय." भाऊ लुंगी खोचून वरच्या पायरीवर यायचे आणि अठरा पायऱ्या गडगडत खाली. पाहुण्याच्या हातातला चहा सांडायचा. मग उठून त्याला नमस्कार करायचे, "गाव कोणतं आपलं?" दोन सोयरिकी त्या जिन्यावर जमल्या, खोटं नाही.

"मारणारा कोणीही असतो रे," माग पुसताना ते मला सांगायचे. "हिरोचा हात हवेतूनच जातो. माझी मान वळते म्हणून त्याच्या हाताला वजन येतं. मी नीट पडलो नाही, तर तो नुसता हातवारे करणारा माणूस."

असा हा हिरो घडवणारा माणूस. पण पडद्यावर त्याचं नाव कधी आलं नाही. एवढं एकच त्यांना खुपायचं. लोक थेटरात पाट्या संपल्यावर येत. भाऊ त्याआधी पंधरा मिनिटं जाऊन बसत. पडद्यावर नावं पळायला लागली की हे खुर्चीच्या कडेवर. एका सिनेमात तर बैलजोडीच्या मालकाचं नाव आलं. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "बैलाने काय केलं रे? उभाच तर होता!" त्यानंतर दोन दिवस कोणीही बोलावलं तरी ते जिन्यावरून पडले नाहीत.

आता अंगठा.

भाऊंचा पहिला सिनेमा गावच्या जत्रेत, तंबूत लागला. त्यांची माय पहिल्या रांगेत सतरंजीवर. शेवटी हिरोने गोळी झाडली, भाऊ कड्यावरून आले आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिले. माय उठली ती ओरडतच. "मना पोऱ्या! मना पोऱ्या मरी गया वं माय!"

लोकांनी समजावलं, अगं माय, सिनेमा आहे, खोटं असतं सगळं. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मग दोन महिने झाले, त्याचं पत्र का नाही?"

भाऊ पत्राच्या बाबतीत महाआळशी. पहिल्या दिवशी गाव हसलं, दुसऱ्या दिवशी गप्प झालं, तिसऱ्या दिवशी गावाचीही खात्री पटत चालली. भाऊबंद जमले, चूल बंद, न्हावी वस्तरा घेऊन ओट्यावर येऊन बसला. तेवढ्यात निरोप मिळून भुसावळ पॅसेंजरने निघालेले भाऊ दारात. स्वतःच्याच सुतकात! रडारड एकदम थांबली. माय जागची हलली नाही. आधी तिने पायांकडे पाहिलं, कारण भुताचे पाय उलटे असतात. पाय सुलटे दिसले तरी तिचं समाधान झालं नाही. पुढे होऊन तिने त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा धरला आणि असा पिरगाळला की भाऊ चांगले वीतभर उडाले. तेव्हा कुठे ती रडली. न्हाव्याने वस्तरा काढलाच होता, तो कोरडा परत कसा न्यायचा म्हणून भाऊंचीच दाढी करून गेला.

त्या दिवशी माय म्हणाली, "तुझं कामच मरायचं असेल तर मर. पण मला इथे बसल्या जागी कळलं पाहिजे."

भाऊ म्हणाले, "माय, मी मेलो की तोंडाकडे बघू नकोस. अंगठ्याकडे बघ. हलला, तर मी आहे."

झालं! तेव्हापासून प्रत्येक सिनेमात भाऊ मरायचे आणि मेल्यावर उजव्या पायाचा अंगठा एकदा हलवायचे. गावी माय तंबूत बसायची, सगळा सिनेमा नुसते पाय बघत. अंगठा हलला की "हालना!", म्हणजे हलला, म्हणून पदर सावरायची आणि घरी जायची. पुढे हिरोचं काय झालं, लग्न झालं की नाही, तिला काय करायचंय? हळूहळू ही बातमी सुरतेत पसरली. आमची डिंडोलीची मंडळी थेटरात भाऊ मरायची वाट बघत. मेले की शांतता. मग अंगठा हलायचा आणि शिट्ट्यांनी छत उडायचं, "हालना रे, हालना!" हिरोला वाटायचं, आपल्यालाच.

डायरेक्टर लोक मात्र रडकुंडीला यायचे. "आ माणस मरतो केम नथी?" बूट घातले तर बुटाचं टोक हलायचं. चादर घातली तर चादर. एका डायरेक्टरने सूड म्हणून त्यांना मानेपर्यंत वाळूत आडवं पुरलं आणि तसंच मारलं. सगळे निश्चिंत. तर तीन हातांवर वाळू हलली आणि मोड फुटावा तसा अंगठा वर आला. तो डायरेक्टर पुढे भक्तिपटांकडे वळला म्हणतात.

तुम्ही म्हणाल, खोट्या मारामारीतला वाघ, खऱ्यात काय? सांगतो. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या भाजीबाजारात एक दांडगा होता, अंगाने म्हशीएवढा, अकलेने तिच्याहून कमी. त्याने एका भाजीवाल्या मावशीची टोपली लाथेने उडवली आणि तिच्यावर हात उगारला. भाऊ आणि मी वांगी घेत होतो. मी वांग्यांच्या ढिगामागे गेलो, लपवत नाही. भाऊ मध्ये जाऊन उभे राहिले.

"मावशीला नको. मला मार," ते म्हणाले. "उजव्या हाताने, गालफडावर. आवाजाची काळजी करू नकोस, आवाज मी करतो."

दांडग्याने ठेवून दिली. भाऊ उडाले. तीन हातगाड्यांवरून गेले आणि टोमॅटोंच्या ढिगात पाठीवर पडले. सगळीकडे लाल. डोळे उघडे, जीभ बाहेर. असलं मरण मी कोणत्याही सिनेमात पाहिलं नाही. बाजार गार पडला. कोणीतरी ओरडलं, "मारी नाख्यो!" दांडगा पांढरा पडला आणि जो पळाला तो वापीला दिसला म्हणतात, आणि वापीलाही थांबला नव्हता. तो गेल्यावर टोमॅटोतून अंगठा हलला.

मी हसत हसत हात दिला. भाऊ उठले आणि तळहातावर काहीतरी थुंकले. दाढ होती. त्या दिवशीचा मार हवेतला नव्हता. त्यांनी ती दाढ पुसून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "मान वळवायची राहिली रे."

असे दिवस चालले होते, आणि मग तो सिनेमा आला. साड्यांच्या एका शेठने काढलेला. त्यातल्या मुख्य व्हिलनचं घोड्याशी पटेना. घोड्याने त्याला दोनदा पाडलं, तिसऱ्यांदा बसूच दिलं नाही. शूटिंग अडलं. डायरेक्टर होता म्हातारा, कमी बोलणारा. त्याने भाऊंना बोलावलं. मुख्य व्हिलन तू. पडद्यावर नाव मोठ्या अक्षरात, हिरोच्या लगेच खाली. फक्त एक अट.

"अंगूठो नहीं हाले."

कारण सिनेमाचा शेवटच तो होता. व्हिलन मेलाय, तिरडीवर ठेवलाय, रीतीप्रमाणे पायाचे दोन्ही अंगठे एकमेकांना बांधलेत, आणि ज्या गावाला त्याने छळलं ते गाव मुकाट बघतंय. कॅमेरा अंगठ्यांपासून निघणार आणि हळूहळू चेहऱ्यापर्यंत जाणार. तिथे अंगठा हलला तर सिनेमाच मेला.

भाऊ घरी आले ते जिन्यात बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, एवढी वर्षं वाट पाहिलीत. आता नाव येतंय तर तोंड पाडून काय बसलात?"

ते म्हणाले, "नाव आलं तर मायला वाचता येणार नाही. अंगठा हलला नाही, तर ते मात्र तिला वाचता येईल."

मग मीच तोड काढली. मायला सिनेमा दाखवायचाच नाही, सिनेमा होताना दाखवायचा. समोर बसवायचं. गोळी खोटी, रक्त खोटं, मरण खोटं, सगळं तिच्या डोळ्यांदेखत. म्हणजे पुढे तंबूत काही का दिसेना! भाऊंनी माझी पाठ अशी थोपटली की अजून दुखते. मी गावी जाऊन मायला घेऊन आलो.

शूटिंग नदीकाठी. माय मिश्री लावत झाडाखाली बसली. तिला सगळं कळत होतं. लाल रंगाची बाटली पाहून म्हणाली, "अरे, हा रंग कपड्यावरून जाईल का?" हिरोने भाऊंना अकरा गोळ्या घातल्या, तिने एकेक मोजली. भाऊ पडले, उठले, धूळ झटकून तिच्याजवळ पाणी प्यायले. ती हसली. "दिवसभर हेच करतोस? आणि मी म्हणते, हा वाळला का!" मी भाऊंना खूण केली, जमलं. भाऊंनीही मान हलवली.

तिरडी सजली. गावातली शंभर माणसं गर्दी म्हणून उभी केली होती, त्यात पुढे मायही उभी राहिली. भाऊंना आडवं केलं. सामान लावणारा माणूस कामाचा मोठा पक्का. त्याने सुतळी घेतली, दोन्ही अंगठे जोडले आणि करकचून निरगाठ मारली. डायरेक्टरने हात वर केला. कॅमेरा फिरू लागला. पाऊस थांबल्यावर पागोळ्या थांबाव्यात तसे भाऊ थांबले. अंगठा नाही, पापणी नाही. बेचाळिसाव्या वेळी माणूस खरा मेला होता.

आणि माय चालायला लागली.

गर्दीतून निघून सरळ तिरडीकडे. गोळी खोटी होती, रक्त खोटं होतं, ते तिने पाहिलं होतं. पण गाठ खरी होती. तसली गाठ तिने आयुष्यात ज्यांच्या ज्यांच्या पायाला पाहिली, त्यातलं कोणी उठून पाणी प्यायला आलं नव्हतं. ती पायांशी बसली. नखांनी गाठ सोडवू लागली. सुटेना. डायरेक्टरचं तोंड "कट" म्हणायला उघडलं होतं. कॅमेरावाल्याने डोळा न काढता हाताने त्याला थांबवलं. माय वाकली. तिचे वर तीन आणि खाली दोन दात होते. त्या पाच दातांनी तिने सुतळी चावायला घेतली. मध्येच मान वर करून साऱ्या गर्दीला म्हणाली, "जित्ता माणूसना अंगठा बांधतस का रे? मना पोऱ्या जित्ता शे!"

कोणी हललं नाही. भाऊही नाही. मला पुढे एकदा ते म्हणाले, "मिश्रीच्या वासावरून कळलं, मायच आहे. तरी मी अंगठा धरून ठेवला. डोळ्यांपुढे नाव दिसत होतं रे. मोठ्या अक्षरात." गाठ तुटली. मायने तो उजवा पाय मांडीवर घेतला, अंगठा मुठीत धरला. पिरगाळला नाही. नुसता धरून बसली. वाट बघत.

आणि अंगठा हलला.

"पाछो हाल्यो!" शेठ किंचाळला. भाऊ उठून बसले, मायकडे पाहिलं, मग डायरेक्टरकडे, आणि म्हणाले, "साहेब, नाव नका टाकू. चालेल." माणूस कड्यावरून इतक्या वेळा पडला, पण पडल्याचं दुःख मी त्यांच्या तोंडावर तेवढं एकदाच पाहिलं. उन्हं उतरली होती, फिल्मही संपली होती. म्हातारा डायरेक्टर निघून गेला.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला सगळी डिंडोली आली होती. मी, मग माय, मग भाऊ. पाट्या सुरू झाल्या. भाऊंनी डोळे मिटून घेतले. हिरोचं नाव गेलं, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात आलं. मी कोपराने मायच्या पलीकडे ढोसलं, "भाऊ! आलं!" त्यांनी डोळे उघडले. नाव अजून होतं, आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ: "अने एमनी बा." आणि त्यांची आई! एक्केचाळीस सिनेमांनंतर पहिल्यांदा नाव आलं, तेही वाटून घ्यावं लागलं. ते नाव काय होतं म्हणाल, तर तेव्हा तिकीट काढायला हवं होतंत.

शेवटी तिरडी आली. पडद्यावर माय आली, पाच दातांनी गाठ सोडली, पाय मांडीवर घेतला, आणि अंगठा हलायच्या आत सिनेमा संपला. डायरेक्टरने तिथेच कापला होता. अंगठा हललाच नाही. शिट्टी नाही, टाळी नाही. शेजारच्या रांगेतले गुजराती शेठलोक रुमाल शोधत होते. आणि त्या अंधारात माय खुर्चीतून खाली वाकली. मला वाटलं चप्पल शोधतेय. तिने हात लांब करून शेजारी बसलेल्या भाऊंचा अंगठा चाचपला. मग सरळ बसून मला म्हणाली, "शे." आहे.

त्यानंतर भाऊंना मरायची खूप बोलावणी आली. गेले, मेले, अंगठा हलवला, आले. तोपर्यंत माय डिंडोलीतच राहायला आली होती, समोर बसलेली असायची. तरी हलवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "सवय झाली तिला."

माय गेली ती एका सकाळी, चहाची बशी बोळक्या तोंडाला लावता लावता. चाळ भरली. गावाकडून काका आले होते, त्यांनी सगळी तयारी केली आणि दोरा भाऊंच्या हातात दिला. "अंगठे तू बांध."

तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात जोडणारी ती बोटं. भाऊ पायांशी बसले. उजवा अंगठा मुठीत धरला आणि बघत राहिले. जिन्यावर, ओट्यावर, सगळ्यांना कळत होतं भाऊ कशाची वाट बघताहेत. आणि खोटं कशाला सांगू, आम्हीही बघत होतो. शेवटी काका हळूच म्हणाले, "बाबा, ऊन चढतंय."

भाऊंनी दोन्ही अंगठे जोडले, दोरा फिरवला आणि साधी सुरगाठ मारली, ओढली की सुटणारी.

"अरे, निरगाठ मारतात," काका म्हणाले.

"माझी तिने दातांनी सोडली होती, काका," भाऊ म्हणाले. "आता तिला दात कुठेत?"

आणि दोऱ्याचं एक टोक त्यांनी लांब सोडलं, तिच्या हाताला लागेल इतकं.